उखाण्यातलं नाव, दगडावरचं नाव

हातातलं काम चालू ठेवा, कान फक्त इकडे द्या. आज सुरुवातीलाच एक कोडं घालतो.

एका राजाची आई, एका राजाची आजी. दगडातून बोलते, ऐकायला व्हा राजी. सांगा, कोण ही बाई?

विचार करा, उत्तर पुढे येईलच. आमच्या भागातल्या बचत गटांमध्ये सध्या अशा कोड्यांची देवाणघेवाण चालते. मासिक बैठकीत हप्ते गोळा झाले, परतफेड लिहून झाली, की एक कोडं चिठ्ठीवर लिहायचं आणि ती चिठ्ठी दुसऱ्या गावच्या गटाला पाठवायची. त्यांनी पुढच्या बैठकीला उत्तर द्यायचं आणि आपलं कोडं परत धाडायचं. विषय तीनच: इतिहास, कला आणि प्रवास. नियम एकच, पण कडक. उत्तराबरोबर 'कशावरून?' हेही सांगायचं. नुसतं 'असं म्हणतात' असेल तर तसं सांगायचं, आणि कुठे लिहिलेलं असेल तर ती जागा सांगायची.

कोडी आपल्याला नवी नाहीत. कोकणात त्याला हुमाण म्हणतात, देशावर उखाणा. जात्यावर, शेतात, मंगळागौरीला बायकांनी एकमेकींना किती कोडी घातली असतील! उखाणा म्हणजे कोडं, आणि नाव घेणं म्हणजेही उखाणाच. नवऱ्याचं नाव सरळ उच्चारायचं नाही, म्हणून ते ओळीत गुंफून घ्यायचं. पण त्या उखाण्यात आपलं स्वतःचं नाव कुठे असतं? आमच्या बैठकीत हा प्रश्न निघाला, आणि मग कोडी त्याच वाटेने जाऊ लागली.

आता पहिल्या कोड्याचं उत्तर. ती बाई म्हणजे गौतमी बलश्री. नाशिकला मुंबई-आग्रा रस्त्यालगत त्रिरश्मी डोंगर आहे, आपण त्याला पांडवलेणी म्हणतो. पांडव तिथे राहिले, हे 'असं म्हणतात'. लेणी बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली आहेत, हे तिथल्या शिलालेखांतच लिहिलेलं आहे. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. तिचा मुलगा सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, आणि नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी. नातवाच्या राज्याच्या १९ व्या वर्षी तिने हे लेणं भिक्षूंना दान दिलं. लेखात ती स्वतःला महाराजाची आई आणि महाराजाची आजी म्हणवते. तेव्हा मुलगा हयात नव्हता. त्याच्या पराक्रमाचं इतकं सविस्तर वर्णन आपल्याला मिळतं ते या आईच्या लेखातून.

राजांची नावं बघा. गौतमीपुत्र म्हणजे गौतमीचा मुलगा. वासिष्ठीपुत्र म्हणजे वासिष्ठीचा मुलगा. नाव आईवरून! पण मैत्रिणींनो, लगेच असं समजायचं नाही, की तेव्हा राज्य बायकांच्या हाती होतं. गादी बापाकडून मुलाकडेच जायची. नावात आई होती, एवढं मात्र दगडावर लिहिलेलं आहे.

दुसरं कोडं हिशोबाचं. ते आपल्या गटांना फार आवडलं.

मुद्दल दोन हजार, हात लावायचा नाही. शेकडा एक दर महिना. वीस जणांचं वर्षाचं कापड त्यात भागतं. एकाच्या वाट्याला किती?

आपल्या बायकांनी ते तोंडीच सोडवलं. दोन हजाराला महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस जणांत वाटले तर प्रत्येकी १२. बरोबर! हा हिशोब आपल्या वहीतला वाटतो, पण तो सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा आहे. त्याच डोंगरावर दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. हा क्षत्रप राजा नहपानाचा जावई. त्याने गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण ठेवले. कार्षापण म्हणजे तेव्हाचं नाणं, आणि श्रेणी म्हणजे एकाच धंद्यातल्या लोकांचा संघ. व्याज शेकडा महिना एक, आणि त्यातून लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे कपड्यासाठी, प्रत्येकी १२. विणकरांच्याच दुसऱ्या एका श्रेणीकडे आणखी १००० ठेवले, पाऊण टक्क्याने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं, असंही लिहिलं आहे. हे सगळं नगराच्या सभेत वाचून दाखवलं आणि फलकावर नोंदवलं.

आता विचार करा. माग चालवणारी माणसं एकत्र आली होती. राजाच्या जावयाने त्यांच्यावर विश्वास ठेवून रक्कम दिली. व्याजाचा दर चारचौघांत ठरला, नोंद झाली. आपण बैठकीत ठराव वाचून दाखवतो आणि वहीत लिहितो, ते काही कालचं शहाणपण नाही. याच लेण्यात उषवदाताच्या बायकोचाही छोटा लेख आहे. तिचं नाव दक्षमित्रा. तिने भिक्षूंसाठी एक खोली दान दिली आणि ती स्वतःच्या नावाने नोंदवली.

तिसरं कोडं प्रवासाचं. 'घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण, पाण्याचा थेंब नाही. मग भरायचा कशाने?'

जुन्नरजवळचा नाणेघाट ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे चटकन येईल. कोकणातून देशावर चढणारी ही जुनी व्यापारी वाट. या रांजणात व्यापारी जकातीची नाणी टाकत, असं सांगतात. आमच्या नियमाप्रमाणे हे 'म्हणतात'च्या खात्यात. पण त्याच घाटात लेण्याच्या भिंतीवर मोठा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञांची यादी आहे, गाई, घोडे आणि कार्षापण दान दिल्याचे आकडे आहेत. हा लेख सातवाहन राणी नागनिकेचा मानतात. येणारे-जाणारे रांजणाशी फोटो काढतात. पुढच्या वेळी दोन पावलं आत जाऊन भिंतही बघा.

चौथं कोडं कलेचं. 'शाई तांदळाची, लेखणी बांबूची, पाटी कुडाची. शाळा न शिकता जग मांडलं, सही मात्र कुणाचीच नाही.'

उत्तर, वारली चित्र. पालघर-डहाणूकडे लग्नघरात भिंतीवर चौक लिहायचा तो सुवासिनींनी. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने. १९७० नंतर ही कला कागदावर आली, देशात आणि परदेशात पोहोचली. जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांचं काम मोठंच आहे, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी भिंती लिहिल्या, त्या बायकांची नावं विचारली तर हे कोडं सुटत नाही. भिंत सारवली की चित्र गेलं आणि चित्राबरोबर बाईही गेली.

राणीचं नाव दगडावर राहिलं, कारण तिच्याकडे दगड कोरून घेण्याइतकं धन होतं. आपल्याकडे दगड नाही, पण वही आहे. म्हणून आमच्या गटांनी ठराव केला आहे. गावातली बारव, मंदिर, शाळा, पाणवठा यांसाठी कोणत्या बायका राबल्या, जात्यावरच्या ओव्या कुणाला येत होत्या, गटाचा पहिला हप्ता कुणी भरला, हे विचारून वहीच्या मागच्या पानांवर लिहायचं. पूर्ण नाव, माहेरच्या गावासकट.

आता शेवटचं कोडं तुम्हाला. याचं उत्तर आम्ही देणार नाही.

घरातलीच बाई, नावं तिला दोन. एक सगळ्यांच्या तोंडी, दुसरं जाणतं कोण?

लग्नात नाव बदललेल्या कितीतरी सासवा, आज्या आपल्या घरात आहेत. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, बँकेच्या पासबुकावर दुसरं. खातं उघडताना, माहेरच्या जमिनीची वारस नोंद करताना याच नावापाशी काम अडतं, आणि मग ती मीच, हे सांगत बाईला हेलपाटे घालावे लागतात. तेव्हा आज संध्याकाळी भाकरी थापता थापता त्यांना विचारा, "आत्याबाई, लग्नाआधी तुम्हाला काय नावाने हाक मारायचे?" उत्तर आलं की वहीत लिहा. आणि पुढच्या बैठकीला येताना तुमच्या गावचं एक कोडं घेऊन या, पुराव्यासकट.