जुन्या सायकलींचे वजन

कुस्तीच्या आखाड्यात गट पाडावयाचे झाले म्हणजे मल्लाला काट्यावर उभे करतात आणि काटा सांगेल तो त्याचा गट. जुन्या सायकलींना मात्र हा न्याय लागू पडत नाही. अमेरिकेतील जुन्या सायकलींचे जाणकार त्यांचे जड, मध्यम आणि हलकी असे तीन वर्ग मानतात. पण त्यासाठी ते सायकल तोलून पाहत नाहीत. टाकी, कॅरिअर, दिवा असा सारा साज ल्यालेली एखादी ‘मध्यम’ सायकल उघड्याबोडक्या ‘जड’ सायकलीहून काट्यावर भारी भरली, तरी त्यांना त्यात काही विसंगती वाटत नाही. त्यांची दृष्टी आधी जाते ती टायरकडे.

ही परिभाषा कशी उत्पन्न झाली हे पाहण्यासाठी शिकागोस जावे लागते. तेथे 1895 साली इग्नाझ श्विन या जर्मन कारागिराने भागीदारीत सायकलींचा कारखाना काढला. पुढे मोटार आली, सायकल मुलांचे वाहन ठरली, आणि 1929 नंतरच्या मंदीत तर हा धंदा पार बसला. त्या काळी अमेरिकेत रिमला चिकटवावयाचे एकसंध टायर वापरीत; ते पंक्चर झाले म्हणजे दुरुस्तीची फार पंचाईत होई. इग्नाझचा मुलगा फ्रँक याने 1933 मध्ये मोटारीच्या धर्तीवर आत वेगळी ट्यूब असलेला फुगीर टायर सायकलीला बसविला. चाक 26 इंची आणि टायरची रुंदी 2.125 इंच, म्हणजे सव्वादोनाला थोडी कमी. त्याबरोबर सायकलीचे रूपही पालटले. दांड्यांच्या मध्ये मोटारसायकलसारखी खोटी टाकी आली, दांड्या वळणदार झाल्या, मडगार्ड रुंद झाले, आणि पेडल उलटे दाबले की मागचे चाक थांबावे अशी ब्रेकची सोय सर्रास दिसू लागली. मुलाच्या मनातली मोटारसायकलची हौस कारखानदाराने अचूक हेरली होती, असेच म्हणावे लागेल. हीच ती ‘जड’ सायकल.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडहून सडसडीत सायकली अमेरिकेत येऊ लागल्या. त्यांचे टायर एक पूर्णांक तीन अष्टमांश इंच रुंदीचे, दांड्या सरळ, ब्रेक हाताचे, आणि मागच्या चाकाच्या तुंब्यात तीन गतींची यंत्रणा. ह्यांना ‘हलकी’ म्हणू लागले. या दोहोंच्या मध्ये गिऱ्हाईक धरून ठेवावे म्हणून 1954 साली श्विनने पावणेदोन इंची टायरची ‘कॉर्व्हेट’ काढली, आणि ‘मध्यम’ वर्ग रूढ झाला.

आता खरी मेख येथेच आहे. ‘पावणेदोन’ हा आकडा दोन रीतींनी लिहिता येतो: अपूर्णांकात 1¾ आणि दशांशात 1.75. शाळेतल्या गणितात दोन्ही एकच. आपण वाचूही दोन्ही ‘पावणेदोन’ असेच. परंतु टायरच्या दुनियेत ती दोन निराळी मापे आहेत. टायरची कड रिमवर जेथे बसते तेथील व्यास अपूर्णांकाच्या, म्हणजे श्विनच्या, चाकात 571 मिलिमीटर असतो आणि दशांशाच्या चाकात 559. फरक अवघा बारा मिलिमीटरांचा. पण 559 चा टायर 571 च्या रिमवर चढतच नाही. आणि 571 चा टायर 559 च्या रिमवर सहज चढतो, हेच अधिक भयंकर, कारण तो सैल राहतो आणि हवा भरताना किंवा चालत्या गाडीत निसटतो. उतारावर पुढच्या चाकाचा टायर निघाला तर काय होईल हे सांगावयास नको. तेव्हा वर्ग ओळखणे हा केवळ संग्राहकांचा षोक नव्हे.

1933 सालच्या फुगीर टायरचे चाकही 559 चेच. 1970 नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील काही तरुणांनी अडगळीतल्या जुन्या ‘जड’ सायकली काढून टमालपाईस डोंगरावरून खाली पिटाळल्या. त्यातून डोंगरी सायकल जन्माला आली आणि तिने हेच माप जगभर नेले.

आपल्याकडे ही विभागणी निराळी आहे. बेंगळुरूच्या उत्तरेस देवनहळ्ळी हे टिपू सुलतानाचे जन्मगाव. 2008 पासून त्याच्या शेजारून विमाने उडतात. दगडी किल्ल्याच्या आत अजून वस्ती आहे. तेथे एखाद्या भिंतीला टेकलेली काळी, उंच सायकल पाहिली म्हणजे पुण्याच्या पेठांतली किंवा कोल्हापूरच्या गवळ्याची सायकल आठवल्यावाचून राहत नाही. तिचे घराणे इंग्लंडचे. स्वातंत्र्यापूर्वी बहुतेक सायकली तिकडूनच येत. मग मुंबईत वरळीची हिंद, मद्रासजवळ अंबत्तूरची हर्क्युलिस, आसनसोलची रॅले, सोनिपतची अॅटलास आणि लुधियानाची हीरो यांनी तोच घाट गिरविला. चाक 28 इंची, टायर दीड इंची, कडेचा व्यास 635 मिलिमीटर. आपण हिला निःसंकोच ‘जड’ म्हणतो, आणि दोन दुधाच्या कॅन व एक माणूस वाहणारीला दुसरे काय म्हणावे? पण शिकागोच्या टायरमापाने ती ‘हलक्या’तच जमा व्हावी! आपल्याकडची खरी हलकी म्हणजे 26 इंची ‘स्पोर्ट्स’; तिचा टायर एक पूर्णांक तीन अष्टमांशाचा, कडेचा व्यास 590.

या दोहोंतला भेद ब्रेकमध्येही आहे. काळ्या सायकलीचे ब्रेक लोखंडी सळ्यांचे. ते रिमला आतल्या बाजूने, तारांच्या अंगाने, वर दाबतात. म्हणून तिच्या रिमच्या कडा गोलसर असतात. स्पोर्ट्सचे ब्रेक केबलचे, ते रिमला दोन्ही कुशींतून चिमटतात, आणि त्यासाठी कुशी सपाट लागतात. जुनी सायकल ‘हलकी’ करण्याच्या नादात सळ्या काढून केबल लावणाऱ्यांना गोल कडेवर ब्रेक धरत नाही हा अनुभव येतो. आणि काढलेल्या सळ्या तोवर भंगारात गेलेल्या असतात. अॅटलासचा शेवटचा चालू कारखाना 2020 साली बंद पडला. असे भाग आता जपूनच ठेवले पाहिजेत.

रंग उडाला, नाव खरवडले गेले, चिमटा बदललेला निघाला, तरी एक खूण बहुधा उरते. चाकांच्या तारा मोजाव्यात. पुढे बत्तीस आणि मागे चाळीस भरल्या, तर ती इंग्रजी वळणाची जुनी भारवाहू सायकल समजावी. मग टायर घेताना 635 हा आकडा पाहूनच घ्यावा.