स्थूलांची कैफियत

इतिहास म्हटला कीं तख्तें, तोफा आणि तहनामे आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. मीं स्वतः अडतीस वर्षें कल्याणच्या मुलांना तोच इतिहास शिकविला. १६५७ सालीं शिवाजीमहाराजांनीं कल्याण घेतलें, हें सांगतांना माझा आवाज आजहि चढतो. परंतु आज ज्या शत्रूची हकीकत सांगावयाची आहे, तो कोणत्याहि गडावर नाहीं. तो माझ्या कमरेच्या पट्ट्याच्या आंत ठाण मांडून बसला आहे.

प्रथम माझीच जबानी नोंदवितों. वय चौसष्ट, उंची पांच फूट पांच इंच, वजन ८४ किलो. दोन वर्षांपूर्वीं डॉक्टरांनीं रक्त तपासून, "साखर उंबरठ्यावर आली आहे, वजन उतरवा," असें बजावलें. माझे वडील याच दुखण्यानें पायापासून खचत गेलेले मीं पाहिले होते. तेव्हां आज्ञा शिरसावंद्य मानली. रात्रीचा भात सोडला, चहांतील साखर सोडली, सणाची पुरणपोळी अर्धी केली आणि रोज पहांटे काळा तलावाभोंवतीं तासभर चालूं लागलों. पहिल्या सहा महिन्यांत सहा किलो उतरले. मग कांटा थांबला. त्यानंतर नेम एक दिवसहि मोडला नसतांना तो हळूहळू चढूं लागला आणि आज ८२ वर उभा आहे. घरच्या मंडळींपासून तलावावरच्या सोबत्यांपर्यंत सर्वांचा तर्क एकच: "मास्तर, चोरून खात असाल." खरोखर खाल्लें असतें, तर हें बोलणें इतकें लागलें नसतें.

शिक्षकाला एखादी गोष्ट उमगली नाहीं कीं तो पुस्तकें उघडतो. माझें संस्कृत मॅट्रिकपुरतें. म्हणून मराठी भाषांतराची काठी धरून मीं चरकसंहितेंत शिरलों. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायाचें नांव अष्टौनिंदितीय. शरीराच्या दृष्टीनें निंद्य ठरलेल्या आठ प्रकारच्या माणसांची तेथें यादी आहे: फार उंच, फार ठेंगणा, फार केसाळ, मुळींच केस नसलेला, फार काळा, फार गोरा, फार स्थूल आणि फार कृश. यांपैकीं शेवटच्या दोघांचाच विचार ग्रंथकारानें विस्तारानें केला आहे. स्थूलपणाच्या कारणांत जड, गोड, थंड व स्निग्ध अन्न, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप, नित्य आनंदांत राहणें, चिंता न करणें हीं तर आलींच. (चिंता न करणें हें कारण वाचून आमच्या घरांत हंशा पिकला, कारण माझ्याइतका चिंताखोर आमच्या आळींत दुसरा नाहीं.) परंतु त्याच यादींत एक शब्द आहे: बीजस्वभाव. आईबापांच्या बीजांतूनच जें येतें, तें. इतक्या जुन्या ग्रंथानें हें कारण आळसाच्या पंक्तीला मांडून ठेवलें, आणि आपण नेमका तेवढाच शब्द विसरलों.

याहून नवल पुढें आहे. चरक म्हणतो कीं, मेदानें वाटा अडविल्या म्हणजे वायु कोठ्यांतच फिरत राहतो आणि जठराग्नि फुंकून पेटवितो. त्यामुळें खाल्लेलें लवकर जिरतें आणि माणूस पुन्हां अन्नासाठीं कासावीस होतो. म्हणजे स्थूल मनुष्याची भूक हा त्याचा हावरेपणा नव्हे. ती त्या दुखण्याचेंच अंग आहे. पुढें तो स्पष्टच सांगतो कीं, स्थूल व कृश या दोघांत कृश बरा. कारण स्थूलाला पोषण द्यावें तर मेद वाढतो, आणि उपाशी ठेवावें तर तो पेटलेला अग्नि त्याला सोसवत नाहीं. दोन्हीकडून कोंडी! उपायहि त्यानें मोठ्या खुबीचा काढला आहे: पचावयास जड, परंतु पोषण थोडें, असें अन्न. जव, सांवा, हरीक, मूग, कुळीथ हीं धान्यें त्यासाठींच. जागरण, व्यायाम आणि चिंतन हींहि वाढवावयाचीं, पण एकदम नव्हे, क्रमाक्रमानें.

सुश्रुत अधिक कठोर. प्रमेहाच्या निर्धन रोग्यानें वहाणा व छत्री टाकून, भिक्षेवर राहून, एका गांवीं एकच रात्र काढीत शंभर योजनें किंवा त्याहून अधिक चालावें, असें त्याचें सांगणें. योजन आठ मैलांचें धरलें, तर कल्याणहून निघालेला मनुष्य काशीच्या जवळपास पोंचेल. तेथवर वजन उतरेल यांत शंका नाहीं. परत घरीं आल्यावर काय, हा माझा प्रश्न होता.

'निंदित' हा शब्द वाचतांना मात्र पुस्तक मिटून ठेवावें लागलें. मला एक मुलगा आठवला. चाळीस वर्षें होत आलीं. शनिवारची सकाळची शाळा, मैदानावर कवाईत, आणि रांगेच्या टोकाला धापा टाकणारा तो गोल अंगाचा पोर. मीं सर्व वर्गासमोर त्याला "लंबोदर" म्हणून हांक मारली आणि डब्यांत काय काय असतें तें विचारलें. "दोन पोळ्या, गुरुजी," तो म्हणाला. वर्ग हंसला, मीहि हंसलों. पुढें शिपायानें मला सांगितलें कीं, तो मुलगा मधल्या सुटींत डबा न खातां मागच्या भिंतीपाशीं कावळ्यांना घालतो. तें ऐकूनहि मीं कांहीं केलें नाहीं. दोन पोळ्या हें उत्तर खरें असूं शकतें, हें मला तेव्हां सुचलेंच नाहीं.

आतां असें पाहा कीं, आपल्या मराठी मुलखांत व्यायामाची परंपरा केवढी मोठी. परंतु ती वजन उतरविण्याची परंपरा नव्हे. बाळंभटदादा देवधरांनीं पेशवाईच्या अखेरीस मल्लखांब पुढें आणला तो मल्लासाठीं. टिळक १८७३ सालीं डेक्कन कॉलेजांत गेले आणि पहिलें वर्ष त्यांनीं तालमीला दिलें, तें किरकोळ अंग भरून यावें म्हणून. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं १८९७ सालीं सँडोचीं उपकरणें व पुस्तकें आणवून दहा वर्षें मेहनत केली, पुढें १९०८ पासून मिरजकरांच्या सल्ल्यावरून सूर्यनमस्कार धरले आणि आपल्या संस्थानच्या शाळांतून ते चालू केले. यांतील प्रत्येकाला शरीर 'कमवावयाचें' होतें. आपली भाषाच पाहा ना. मूल बाळसें धरतें, सुनेच्या अंगावर मांस येतें तेव्हां तिची 'तब्येत सुधारते', आणि सुटलेलें पोट हें 'खात्यापित्या घरचें' असतें.

याचें कारण आपल्या इतिहासांत आहे. १८७६ ते ७८ च्या दुष्काळांत सरकारी कामावरील मजुराला दिवसाकाठीं एक पौंड धान्य व वर थोडे पैसे, असें माप सर रिचर्ड टेंपल यांनीं १८७७ सालीं ठरविलें. त्याविरुद्ध पुण्याच्या सार्वजनिक सभेनें आवाज उठविला. मीं स्वतः १९७२ चा दुष्काळ बालपणीं पाहिला आहे. रेशनच्या दुकानांतील तांबड्या मिलोची भाकरी ज्यांनीं चावली आहे, त्यांना ताटांत टाकणें म्हणजे काय पाप, तें सांगावें लागत नाहीं. नातवंडांच्या ताटांतील उरलेला घांस अजून माझ्या तोंडांत जातो.

विलायतेंत मात्र हा प्रश्न आपल्या आधीं उभा राहिला. विल्यम बँटिंग नांवाचा लंडनचा एक प्रेतयात्रेची व्यवस्था करणारा व्यावसायिक होता. उंची माझ्याइतकीच, पांच फूट पांच इंच. वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारें ९२ किलो. जिने उतरतांना त्याला पाठमोरें उतरावें लागे. डॉक्टरांनीं व्यायाम करावयास सांगितलें, म्हणून तो पहांटे दोन तास नाव वल्हवूं लागला. दंड बळकट झाले; पण भूक अशी भडकली कीं वजन आणखी वाढलें, आणि शेवटीं वल्हीं ठेवून द्यावीं लागलीं. चरकाचा पेटलेला अग्नि टेम्सच्या कांठीं येऊन पोंचला, असेंच म्हणावयाचें! पुढें विल्यम हार्वे नांवाच्या डॉक्टरानें त्याची साखर, पाव, बटाटे बंद केले. वर्षभरांत ४६ पौंड उतरले, आणि १८६३ सालीं त्यानें स्वतःच्या अनुभवाची पुस्तिका छापली. ती इतकी गाजली कीं स्वीडिश भाषेंत पथ्य करण्याला त्याच्या नांवावरून झालेलें क्रियापद अजून वापरतात.

उपासाचें खरें गणित कळलें तें दुसऱ्या महायुद्धांत. १९४४ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत अँसेल कीझ यांनीं ३६ निरोगी तरुणांवर प्रयोग आरंभिला. युद्धांत शस्त्र धरण्यास नकार दिलेले हे तरुण स्वखुषीनें आले होते. चोवीस आठवडे त्यांना अर्धपोटीं ठेवलें आणि आठवड्याला बावीस मैल चालविलें. वजन चतुर्थांशानें घटलें, हें अपेक्षितच होतें. परंतु स्वस्थ बसलें असतां शरीर जेवढी ऊर्जा जाळतें, ती सुमारें चाळीस टक्क्यांनीं उतरली. चूल मंद केली शरीरानें, आणि मन मात्र अन्नावर खिळलें. ते तरुण रात्रंदिवस पाकपुस्तकें वाचीत बसत. पुढें २०१६ सालीं केव्हिन हॉल यांनीं वजन घटविण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेंतील चौदा जणांची सहा वर्षांनंतरची तपासणी प्रसिद्ध केली. घटविलेलें बरेंचसें वजन परतलें होतें. तरी त्यांचीं शरीरें अपेक्षेपेक्षां रोज सुमारें पांचशें कॅलरी कमीच जाळीत होतीं. सहा वर्षांनींहि शरीर तो उपास विसरलें नव्हतें.

हा हिशेब कोण ठेवतो, त्याचा माग १९९४ सालीं लागला. जेफ्री फ्रीडमन यांना न्यूयॉर्क येथें लेप्टिन सांपडलें. चरबीच्या पेशी हें द्रव्य रक्तांत सोडतात. चरबी घटली कीं तेंहि घटतें, आणि मेंदू समजतो कीं दुष्काळ पडला. मग भूक वाढवा, खर्च कमी करा, असे हुकूम सुटतात. माझा कांटा ७८ वर अडला, तेव्हां माझ्या मेंदूंत बहुधा १८७६ साल चालू असावें.

परंतु माझ्या प्रश्नाचें सर्वांत जवळचें उत्तर न्यूयॉर्कचें नाहीं, पुण्याचें आहे. तेथील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व त्यांचीं मुलें यांचा अभ्यास चालविला. तेथील नवजात बालकांचें सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचें ३.५ किलो. आमचीं मुलें हाडानें लहान, मांसानें कमी; मात्र पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानानें फारशी कमी नाहीं! अशा बालकाला त्यांनीं कृश-स्थूल म्हटलें. २००४ सालीं त्यांचें व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचें एक छायाचित्र लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलें. उंचीच्या वर्गानें वजनाला भागून येणारा आंकडा दोघांचा एकच, २२.३. परंतु शरीरांतील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. चरकानें जिला बीजस्वभाव म्हटलें, तिला येथें गर्भावस्थेचीहि जोड मिळाली. २००९ सालीं भारतीय तज्ज्ञांनीं आपल्या लोकांसाठीं २३ पासून वजन अधिक आणि २५ पासून स्थूल, अशी निराळी मर्यादा घालून दिली. माझा आंकडा ३० आहे. मी त्या रेषेच्या बराच पलीकडे उभा आहें, हें येथें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे.

अलीकडे मराठी घरांत याच विषयावर दोन पक्ष पडले होते. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार २००४ सालीं वारले; त्यांचा विचार डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनीं गांवोगांव नेला. दिवसांत दोनदांच जेवा, आणि तें पंचावन्न मिनिटांत संपवा, असें त्यांचें म्हणणें. उलट ऋजुता दिवेकर यांचें सांगणें असें कीं, थोडें थोडें अनेकदां खा, तूप सोडूं नका, आजीचें अन्न खा. आमच्या घरीं मी दीक्षितांचा आणि सौभाग्यवती दिवेकरांची. एकाच स्वयंपाकघरांत दोन संस्थानें नांदत होतीं. दोघांनाहि थोडा थोडा गुण आला आणि दोघांचाहि कांटा पुन्हां हलला. २०२५ पासून टिर्झेपटाइडची सुई आपल्याकडे मिळूं लागली आहे. भुकेचे हुकूमच ती मंद करते, म्हणून वजन खरोखर उतरतें. पण अशा औषधांच्या चांचण्यांत, तीं थांबविल्यावर बरेंचसें वजन परत आलेलें दिसलें आहे. मीं ती अद्याप घेतलेली नाहीं. डॉक्टरांनीं परवां माझें रक्त पुन्हां तपासलें. वजन दोनच किलोंनीं कमी, तरी साखर उंबरठ्याच्या अलीकडे सरकली आहे. स्नायूंना काम मिळालें कीं ते रक्तांतील साखर अधिक ओढून घेतात, वजन उतरो वा न उतरो, असें ते म्हणाले. तेव्हां तलाव सोडलेला नाहीं.

त्या तलावावरच गेल्या थंडींत तो मुलगा मला भेटला. आतां तोहि पन्नाशीला टेकला आहे. अंग तसेंच गोल. तो पायां पडावयास वांकला, तों मींच त्याचे हात धरले आणि म्हणालों, "त्या शनिवारबद्दल तुझी क्षमा मागावयाची आहे." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, तुम्ही विसरला असाल असें वाटलें होतें." आम्ही दोन फेऱ्या बरोबर घातल्या. त्याची मुलगी सातवींत आहे, ती हल्लीं कवाईतीच्या दिवशीं पोट दुखतें म्हणून घरीं राहते, असें त्यानें सांगितलें. कारण मीं विचारलें नाहीं.

त्या रात्रीं बसून मीं तिच्या कवाईतीच्या शिक्षकांना चार पानी पत्र लिहिलें. चरकाचा तो एक शब्द, पुण्याचे ते आंकडे आणि माझी १९८६ सालची हकीकत, सर्व त्यांत लिहिलें. खालीं माझें नांव, आणि निवृत्त शिक्षक, असें घातलें. पत्र त्यानें स्वतः नेऊन दिलें. मुलगी आतां मैदानावर जाते, असें तो परवां सांगत होता. तिला धांवण्यापेक्षां लेझीम अधिक आवडतें म्हणे.