अजिंठ्याच्या चित्रप्रती : कुंचला, कॅमेरा आणि संगणक

छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे १०० किलोमीटरवर, वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर अजिंठ्याची लेणी आहेत. तिथली चित्रे मातीच्या गिलाव्यावर रंगवलेली आहेत, त्यामुळे ती जागची हलवता येत नाहीत. १८१९ मध्ये मद्रास सैन्यातला जॉन स्मिथ हा अधिकारी या लेण्यांपर्यंत पोहोचला. तेव्हापासून दूरच्या लोकांनी अजिंठा पाहिला तो प्रतींमधूनच. प्रती करण्याची साधने बदलत गेली. प्रत्येक नव्या साधनाने आधीची अडचण दूर केली आणि स्वतःचा दोष बरोबर आणला. तो दोष कुठे आहे हे ओळखणे हेच या कामातले खरे कसब ठरले.

पहिले साधन कुंचला. १८४४ मध्ये मेजर रॉबर्ट गिल यांची या कामावर नेमणूक झाली. अजिंठा गावातल्या बारादरीत राहून त्यांनी अनेक वर्षे मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगांत प्रती केल्या. १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. मग १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स यांनी पेस्तनजी बोमनजी आणि इतर विद्यार्थ्यांना घेऊन सुमारे ३०० चित्रे केली. त्यांतलीही अनेक १८८५ मध्ये लंडनमध्ये आगीत गेली. उरलेल्या कामावर आधारलेला त्यांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये निघाला.

कुंचल्याचा दोष असा की नक्कल करणाऱ्याचे शिक्षण प्रतीत उतरते. गिलावा जिथे पडला असेल, तिथे चेहरा पुरा करायचा की जागा मोकळी ठेवायची, हे चित्रकाराच्या हातावर सोडलेले असे. त्याहून गंभीर हानी भिंतीची झाली. रंग उठून दिसावेत म्हणून नक्कल करणाऱ्यांनी मूळ चित्रांवर वॉर्निश फिरवले आणि काळाबरोबर ते पिवळे पडले. पुढे निजाम सरकारने १९२० च्या सुमारास दोन इटालियन तज्ज्ञ बोलावले. सुटू पाहणारा गिलावा त्यांनी सावरला, पण त्यांनीही लाखेचा लेप वापरला.

कॅमेरा आला तोही गिल यांच्याच हातून. त्यांची ७४ छायाचित्रे असलेले जेम्स फर्ग्युसन यांचे पुस्तक १८६४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या काळची कलोडियनची काच ओली असतानाच वापरावी आणि धुवावी लागे. तिला निळा प्रकाश चटकन कळे, तांबडा-पिवळा जवळजवळ कळतच नसे. अजिंठ्याच्या रंगांत गेरू आणि पिवळी माती यांचाच भर. म्हणजे ज्या रंगांनी चित्र उभे राहते, तेच छायाचित्रात काळवंडत. लेण्यांचे दर्शनी भाग आणि शिल्पे कॅमेऱ्याने उत्तम टिपली, भित्तिचित्रांना मात्र अजून कुंचलाच हवा होता.

ही अडचण रंगीत छायाचित्रणाने दूर केली. निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी ई. एल. व्हॅसी यांच्या छायाचित्रांच्या आधारे अजिंठ्यावरचा ग्रंथ १९३० ते १९५५ दरम्यान चार भागांत प्रसिद्ध केला. तरी प्रकाशाचा प्रश्न राहिलाच. प्रखर दिवा वॉर्निशवर चमकतो, आणि तीव्र प्रकाश जुन्या रंगांना घातकही असतो. बिनय बेहल यांनी १९९० च्या दशकात अगदी मंद प्रकाशात दीर्घकाळ फिल्म उघडी ठेवून यावर मार्ग काढला.

प्रतिमा संपादित करणारे फोटोशॉप हे सॉफ्टवेअर १९९० मध्ये बाजारात आले आणि संगणक हे तिसरे साधन हाती आले. त्यातला क्लोन स्टॅम्प चित्राचा चांगला भाग खराब भागावर उतरवतो. २००२ मध्ये आलेला हीलिंग ब्रश उतरवलेला भाग भोवतालच्या रंगाशी आणि उजेडाशी जुळवून घेतो. नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार यांनी स्वतः टिपलेल्या अजिंठ्याच्या प्रतिमांवर संगणकाच्या मदतीने पुनर्रेखनाचे दीर्घ काम केले आहे.

या साधनाचे दोष बारीक असतात आणि बहुतेकदा बिघाड नसतातच. ब्रशचे वर्तुळ दिसेनासे होऊन बारीक फुली उरली, तर सहसा कॅप्स लॉक सुरू असतो. वर्तुळच नाहीसे झाले, तर ब्रशचा आकार पडद्याहून मोठा झालेला असू शकतो. ब्रश फिरतो पण उमटत नाही, तेव्हा नजरेआड एखादी निवड शिल्लक असते किंवा लेअर (प्रतिमेच्या एकावर एक रचलेल्या थरांपैकी एक) कुलूपबंद असते. रिकाम्या लेअरवर क्लोन स्टॅम्प चालत नसेल, तर तो नमुना फक्त त्याच लेअरमधून घेत असतो. सर्व लेअरमधून नमुना घेण्याची सोय निवडली की काम सुरू होते. हे सगळे तपासूनही अडचण कायम असेल, तर त्या साधनाची मांडणी मूळ स्थितीत आणावी. त्यानंतर पेन टॅब्लेट किंवा ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरकडे वळावे.

रिकाम्या लेअरवर काम करण्याचा आग्रह अजिंठ्याच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा आहे. कारागिराने भरलेला भाग वेगळा राहतो, टिपलेली मूळ प्रतिमा खाली अबाधित असते आणि चूक केव्हाही पुसता येते. भिंतीवर चढवलेल्या वॉर्निशला ही सोय नव्हती. पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना ते थर अतिशय संथपणे, थोडे थोडे करून उतरवावे लागले.