ओल्या रंगाचा भाव

भातशेतीच्या मुलुखांत, कुंडलिकेच्या कांठीं वसलेल्या अष्टमींत आज घरीं बसून मुंबईच्या शेअरबाजाराचे भाव पडद्यावर पाहतां येतात. भाव चढला कीं हिरवी मेणबत्ती, उतरला कीं तांबडी. या मेणबत्तीच्या आकाराच्या भावचित्रांचें मूळही तांदुळाच्याच व्यापारांत सांगितलें जातें. जपानांतील ओसाका शहरीं डोजिमाच्या तांदूळबाजारास शोगुन राजवटीनें १७३० सालीं मान्यता दिली होती.

१८७५ सालीं स्थापन झालेल्या मुंबईच्या शेअरबाजारांत सौदे पुकारून होत. १९९५ सालीं तेथें संगणकाचे पडदे आले. आतां भावाला रंग देण्याचें कामही संगणक करतो. त्याला लिहून दिलेला नियम सोपा असतो: आरंभींच्या भावाहून चालू भाव अधिक तर हिरवा, उणा तर तांबडा. परंतु पांच मिनिटांची मेणबत्ती पुरी होईतों चालू भाव पालटत राहतो. तोंवर रंग ओलाच असतो. तिसऱ्या मिनिटाला हिरवी दिसलेली मेणबत्ती पांचव्या मिनिटाला तांबडी होऊन कायम होते, आणि मधला हिरवेपणा मागें उरत नाहीं. म्हणून जुन्या चित्रावर अचूक भासणारी ‘घ्या’ वा ‘विका’ ही खूण चालू बाजारांत दगा देते. जाणता नियमकर्ता मेणबत्ती पुरी झाल्यावरच खूण पक्की करतो.

सेबीच्या २०२४ च्या पाहणींत, शेअरांच्या वायदे व ऑप्शन व्यवहारांत उतरलेल्या शंभर व्यक्तींपैकीं ९३ जणांस तीन वर्षांत तोटा आल्याचें आढळलें. त्याचीं कारणें अनेक. पण ओला रंग पाहून संसाराचा पैसा लावूं नये, एवढें तरी घरोघरीं कळावें.