फेरफारातल्या बायका

आजचा भाग ज्यांना आपल्या घराण्याचा इतिहास शोधायचाय, पण हात कुठून घालायचा ते कळत नाही, अशांसाठी. मी हे काम ऑनलाइन कोर्स करून शिकले, अजून शिकतेच आहे. आणि शिकताना एक प्रश्न पहिल्या आठवड्यापासून मागे लागला: आपल्या घराण्यांच्या कागदांत बायका आहेत कुठे? वंशावळ काढली की पणजोबा, खापरपणजोबा, त्यांचे भाऊ, सगळे पुरुष रांगेत उभे. बायकांच्या जागी रेघ.

मी केलेला पहिला कोर्स ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठाचा, फ्यूचरलर्नवरचा. सहा आठवड्यांचा. इंग्रजी सोपं आहे, मोबाइलवर होतो. त्यात शिकवतात ती पद्धत अगदी साधी. स्वतःपासून सुरू करा, एकेक पिढी मागे जा, मधली पिढी गाळू नका. प्रत्येक विधानाला कागद जोडा. आणि कागद हातात आला की त्याला प्रश्न विचारा: हे कोणी लिहिलं, कधी लिहिलं, त्याला ही माहिती दिली कोणी? दोन कागद एकमेकांशी भांडत असतील तर भांडण सोडवा, सोयीचा कागद उचलून मोकळे होऊ नका. यातलं सगळं आपल्याला लागू पडतं. एवढ्यासाठी तरी तो कोर्स करावाच.

अडतं ते उदाहरणांपाशी. स्कॉटलंडमध्ये 1855 पासून जन्म-मृत्यूची सरकारी नोंद सक्तीची आहे. जन्माच्या दाखल्यावर आईचं माहेरचं आडनाव असतं. माणूस मेला की मृत्यूच्या दाखल्यावर त्याच्या आईवडिलांची नावं, आणि तिथेही आईचं माहेरचं आडनाव. म्हणजे एका कागदावरून आईकडची सगळी बाजू उघडते! इंग्लंड-वेल्सची 1921 ची जनगणना शंभर वर्षं उलटल्यावर 2022 मध्ये खुली झाली, घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावासकट. आपल्याकडे जनगणनेचे घरोघरचे तक्ते असे बघायला मिळत नाहीत. आणि बाईचं आडनाव तर सोडाच, लग्नात पहिलं नावसुद्धा बदललेलं. तांदळात नवं नाव लिहिलं की जुनं नाव माहेरी राहिलं.

मग आपल्याकडे आहे काय? कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, जन्म-मृत्यूची गावची जुनी नोंदवही. शाळेचं जनरल रजिस्टर. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधण्याचं काम सुरू झालं तेव्हा ही नावं घराघरांत पोचली. आरक्षणाच्या वादात आज शिरत नाही, पण त्या निमित्ताने तहसील कचेऱ्यांमधले जुने गठ्ठे सुटले आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली, हे खरं. कोतवाल बुकात बऱ्याचदा बापाचं नाव, जात, तारीख आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच सापडतं. बारशाच्या आधीच नोंद झाली तर बाळाचं नाव येणार कुठून?

मोडी शिकायचीच. राज्याचं पुराभिलेख संचालनालय प्रशिक्षण वर्ग घेतं, यूट्यूबवर फुकट धडे आहेत. अक्षरं लवकर जमतात, पण कागद वाचायला वेळ लागतो. शब्द तोडलेले नसतात, ह्रस्व-दीर्घाचा भेद नसतो. वर जुन्या कागदांत सालं अरबी आकड्यांच्या शब्दांत: सलास म्हणजे तीन, अर्बा म्हणजे चार, खमस म्हणजे पाच. शके असेल तर 78 मिळवा, फसली असेल तर 590. थोडं पुढे-मागे होतं, कारण वर्षं एकाच दिवशी सुरू होत नाहीत. मोडीवर पुढे स्वतंत्र भाग करू.

आज मला बोलायचंय ते फेरफारावर. माझ्या मते घराण्याचा इतिहास शिकायला याच्याइतका चांगला कागद आपल्याकडे नाही, आणि एकही परदेशी कोर्स तो शिकवणार नाही.

सातबारा तुम्ही पाहिला असेल. त्यावर नावांजवळ वर्तुळात किंवा कंसात आकडे असतात, ते फेरफार क्रमांक. जमिनीवरचं नाव का बदललं, त्याची गोष्ट त्या क्रमांकाच्या नोंदीत असते: खरेदी, वाटप, वारस, हक्कसोड. ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर अनेक जिल्ह्यांचे जुने फेरफार स्कॅन करून ठेवलेत. जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, क्रमांक टाकायचा. नसेल तिथे तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज करून नक्कल मागायची.

मी आमच्या गावचे सगळे फेरफार एका वहीत तारखेप्रमाणे लावले. जुन्या नोंदींत नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ दिसतं, एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे थोरल्या भावाचं नाव लागलं, बाकीचे त्याच्या मागे झाकले गेले. एका नोंदीत ‘अ.पा.क. आई’ असं दिसलं. अज्ञान पालन कर्ता. बाप मेला, मुलगा लहान, म्हणून जमीन मुलाच्या नावावर आणि आई त्याची पालक. ती माझी पणजी. कागदावर ती पहिल्यांदा आली ती विधवा झाल्यावर, आणि मुलगा सज्ञान झाल्याची नोंद झाली तशी पुसली गेली.

पुढचा टप्पा 1956 नंतरचा. हिंदू वारसा कायदा आला आणि बापाच्या वाट्यात मुलीही वारस ठरल्या. मग वारस नोंदीत ‘मुलगी’, ‘विवाहित मुलगी’ असे शब्द दिसायला लागतात, सासरच्या नावानिशी, सासरच्या गावानिशी. संशोधकाला हे घबाडच! पण थोडं पुढे जा. पुढच्याच पाना-दोन पानांवर हक्कसोड. त्याच बहिणी भावांच्या लाभात हक्क सोडतायत, आणि खाली ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’. महाराष्ट्रात 1994 साली आणि देशभर 2005 साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क मिळाला, तरी हक्कसोड काही थांबली नाही. आमच्या घराण्यातल्या चार बायकांची पूर्ण नावं मला मिळाली, आणि चारही मिळाली त्यांनी जमीन सोडली त्या कागदावर. सोडली नसती तर बहुतेक मला सापडल्याच नसत्या.

इथे कोर्समधला तो प्रश्न कामाला येतो: माहिती दिली कोणी? वारस नोंद ‘वर्दीवरून’ होते. वर्दी बहुतेक वेळा मुलगाच देतो. त्याने तीन बहिणींपैकी दोनच सांगितल्या तर कागदावर दोनच. म्हणून फेरफारात नाव नाही याचा अर्थ ती बाई नव्हती, असा होत नाही. पडताळा शाळेच्या रजिस्टरमध्ये करा, लग्नपत्रिकेत करा, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांत करा. आणि घरात म्हातारं माणूस असेल तर आधी फोनचं रेकॉर्डिंग सुरू करा. विचारून, सांगून. लपवून नाही.

त्या अंगठ्यांपैकी एक अंगठा माझ्या आत्याआजीचा, आजोबांच्या धाकट्या बहिणीचा. वय नव्वदीच्या पुढे. मी तिला फेरफाराची प्रिंट दाखवली. ‘आजी, हे आठवतं का गं?’ म्हणाली, ‘आठवतं की. दादानं एस्टीनं तालुक्याला नेलं, लुगडं घेतलं, अंगठा घेतला.’ रागावून नाही, सहज. मग मी पणजीचं माहेर विचारलं. गावाचं नाव तिने लगेच सांगितलं, आणि पणजीचं लग्नाआधीचं नावही. आमच्या घरात ते कुणालाच माहीत नव्हतं. कागद मात्र अजून एकही नाही, म्हणून वहीत ते पेन्सिलने लिहून ठेवलंय, पुढे तारीख आणि ‘तोंडी, आत्याआजी’.

ते गाव शेजारच्याच तालुक्यात आहे. तिथल्या कोतवाल बुकासाठी अर्ज टाकलाय. काही हाती लागलं तर पुढच्या भागात सांगेन.