पॅनेल कोणत्या काळातलं आहे ते बघा, मग कंट्रोलर घ्या



आज पिकाचं नाही, वस्तीवरच्या उजेडाचं लिहितो. आमची वस्ती निफाड तालुक्यात, गावठाणापासून लांब. गावठाणाचे आणि शेतीचे फीडर वेगळे झाले तेव्हा गावात लाईट राहिली, आम्ही मळ्यातले शेतीच्या फीडरवर राहिलो. आठ तास थ्री फेज, तीही कधी दिवसा कधी रात्री. बाकी वेळ अंधार. भोवती ऊस आणि उसात बिबट्या. म्हणून ओट्यावरचा दिवा पहाटेपर्यंत जळणं ही आमच्याकडे हौस नाही, गरज आहे.

मागच्या वर्षी पुतण्यानं ३३० वॅटचं पॅनेल आणलं. दुकानदार म्हणाला, तुमचा जुना कंट्रोलर चालेल, बारा व्होल्टचाच आहे ना. जोडलं. दिवा रात्री दहा-अकराला बंद पडायचा. आम्ही बॅटरीला दोष दिला, ढगाला दिला. आठ महिन्यांनी मीटर लावला तेव्हा कळलं. भर दुपारी बॅटरीत साडेसात ॲम्पिअर जात होते, १३ व्होल्टनं. गुणाकार करा, जेमतेम शंभर वॅट. पॅनेल ३३० चं. ऊन आणि तापलेलं पॅनेल धरून ५०-६० वॅट कमी समजा, तरी उरलेले पावणेदोनशे कुठं गेले? ते शोधता शोधता मागचा इतिहास वाचत गेलो. तोच सांगतो, कारण उत्तर त्यातच आहे.

कंट्रोलर सोलरच्या आधीचा आहे. पुन्हा भरता येणारी शिशाची बॅटरी फ्रान्सच्या गॅस्टन प्लांटे यांनी १८५९ साली केली. पुढं गाड्यांवर डायनामो आला आणि दोन अडचणी आल्या. इंजिन बंद झालं की बॅटरीतला करंट उलटा डायनामोत जायचा. आणि इंजिन पळत असलं की बॅटरी भरली तरी करंट ढकलला जायचा, पाणी उकळून जायचं. त्यावर उपाय म्हणून कटआऊट आणि रेग्युलेटर आले. ज्यांनी जुने ट्रॅक्टर चालवलेत त्यांना ती काळी डबी आठवत असेल. मिस्त्री पॉलिश पेपरनं तिचे पॉइंट घासायचा. रात्री उलटं जाऊ द्यायचं नाही आणि भरल्यावर जास्त घालायचं नाही, सोलर कंट्रोलरची मूळ कामं हीच दोन. डबी बदलली, काम नाही.

आता पॅनेलकडे येऊ. कामाचा पहिला सिलिकॉन सोलर सेल अमेरिकेत बेल लॅबमध्ये १९५४ साली झाला. चॅपिन, फुलर आणि पिअरसन या तिघांचं ते काम. पडलेल्या उन्हातलं साधारण ६ टक्के ते विजेत बदलत होते. किंमत एवढी की परवडलं फक्त उपग्रहाला. १९५८ साली व्हॅनगार्ड उपग्रहावर सोलर सेल गेले. १९७३ साली तेलाचे भाव भडकले, तेव्हा जमिनीवर लक्ष आलं. समुद्रातले दिवे, डोंगरावरचे टेलिफोनचे मनोरे, जिथं तार पोचत नाही तिथं पॅनेल बसू लागली. आपल्याकडे साहिबाबादला सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनी १९७४ साली निघाली. तिनं १९७७ साली देशातला पहिला सेल आणि १९७८ साली पहिलं पॅनेल केलं.

त्या काळात पॅनेलचं गिऱ्हाईक एकच, बॅटरी. म्हणून पॅनेल बॅटरीच्या मापानं शिवलेलं असायचं. एक सेल साधारण अर्धा व्होल्ट देतो. बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण भरायला १४.४ च्या आसपास व्होल्ट लागतात. त्यात ऊन तापलं की पॅनेलचे व्होल्ट पडतात, तारेत थोडे जातात. सगळं धरून ३६ सेल ठरले, म्हणजे कामाचे १७-१८ व्होल्ट. त्यालाच आपण आजही बारा व्होल्टचं पॅनेल म्हणतो.

१९८० च्या दशकात काही कंपन्यांनी कंट्रोलरच काढून टाकायचा प्रयत्न केला. सेल कमी करून ३०-३२ वर आणले. बॅटरी भरत आली की पॅनेलचा जोर आपोआप कमी पडेल असा हिशोब. थंड मुलखात जमलं. गरम मुलखात पॅनेल तापायचं, व्होल्ट पडायचे, बॅटरी अर्धपोटी राहायची. त्यातून धडा मिळाला की कंट्रोलर वाचवून बॅटरी वाचत नाही.

मग कंट्रोलर सुधारत गेला. आधी रिले होती, टक्‌ करून जोडायची, टक्‌ करून तोडायची. काही शंट जातीचे होते, बॅटरी भरली की पॅनेलच्या दोन तारा एकमेकींना जोडून द्यायचे. पॅनेलला त्यानं काही होत नाही. ट्रान्झिस्टर स्वस्त झाल्यावर १९९० च्या दशकात पीडब्ल्यूएम कंट्रोलर पसरला. तो सेकंदात कितीतरी वेळा उघडझाप करतो. टाकी भरत आली की आपण कॉक बारीक करतो ना, तसं. आपल्या खेड्यात सरकारी योजनेतून सोलर होम लाईट आले तेही याच घराण्यातले. ३७ वॅटचं पॅनेल, ४० एएचची बॅटरी, ९ वॅटचे दोन सीएफएल. पॅनेल ३६ सेलचं, कंट्रोलर साधा, आणि जोडी बरोबर.

ही जोडी मोडली २००० नंतर. जर्मनीनं २००० साली कायदा करून छपरावरची वीज चांगल्या भावानं ग्रीडला घ्यायला सुरुवात केली. पुढं चीनमध्ये मोठे कारखाने उभे राहिले. आपल्याकडे जानेवारी २०१० मध्ये जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर अभियान सुरू झालं, २०१९ मध्ये कुसुम योजना आली, शेतात सौर पंप दिसू लागले. पॅनेलचं गिऱ्हाईक बदललं. ग्रीडला आणि पंपाला बारा व्होल्टचं सोयरसुतक नाही. त्यांच्यासाठी ६० आणि ७२ सेलची पॅनेल निघाली, कामाचे व्होल्ट ३० ते ३७. माल जास्त निघाला तसा भाव पडला. आज मोठं पॅनेल वॅटमागं लहान पॅनेलपेक्षा स्वस्त पडतं, म्हणून शेतकरी तेच आणतो. पण दुकानातला स्वस्त कंट्रोलर अजून ३६ सेलच्या काळातलाच आहे.

आमची चूक नेमकी इथं झाली. पीडब्ल्यूएम पॅनेल सरळ बॅटरीला जोडतो. बॅटरी १३ व्होल्टला असली की ३७ व्होल्टचं पॅनेल खेचून १३ वर आणतो. ॲम्पिअर तेवढेच, वरचे व्होल्ट वाया. पावणेदोनशे वॅट तिथं गेले.

यावरचा उपाय एमपीपीटी. ऑस्ट्रेलियात असे कंट्रोलर १९८० च्या दशकातच विकायला आले होते, पण महाग. आता आवाक्यात आलेत. तो गिअरबॉक्ससारखा आहे. वरचा वेग खाली आणतो आणि ओढ वाढवतो. ३७ व्होल्ट आणि साडेसात ॲम्पिअर आत घेतो, साडेतेरा व्होल्टनं एकोणीस-वीस ॲम्पिअर बाहेर देतो. दिवसाचे पाच तास चांगलं ऊन धरलं तर जुन्या कंट्रोलरवर अर्धा युनिट पडत होतं, याच्यावर सव्वा युनिट पडतं.

आता घेताना काय बघायचं ते सांगतो.

पॅनेलमागचं लेबल वाचा. कामाचे व्होल्ट १७-१८ असतील आणि बॅटरी बाराची असेल तर पीडब्ल्यूएम पुरतो, उगाच पैसे घालू नका. ३० च्या वर असतील तर बारा व्होल्टला एमपीपीटीच लागतो. सेल मोजून फसू नका. हाफकट पॅनेलला १४४ तुकडे दिसतात, पण व्होल्ट ७२ सेलचेच.

ॲम्पिअर काढताना पॅनेलचे वॅट भागिले बॅटरीचे व्होल्ट. ३३० ला १२ नं भागलं की साडेसत्तावीस, म्हणून ३० चा घ्या. दोन पॅनेल असतील तर दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट करा, तोच ३० चा चालतो.

निफाडच्या थंडीचा हिशोब धरा. पॅनेलचे व्होल्ट गारव्यात वाढतात, अंशाला साधारण ०.३ टक्के. लेबलवरचा आकडा २५ अंशाचा असतो. आपल्याकडे पहाटे ५ अंश झाले की ६ टक्के वाढले. बिनलोडचे ४६ व्होल्ट असलेली दोन पॅनेल सिरीजमध्ये ९२ होतात, थंडीत साडेसत्याण्णव. १०० व्होल्टचा कंट्रोलर अगदी काठावर येतो. पॅरलल जोडा, नाहीतर १५० चा घ्या.

बॅटरीची जात कंट्रोलरमध्ये बरोबर लावा. शिशाची आणि लिथियमची सेटिंग वेगळी असते. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल. बॅटरीजवळ फ्यूज हवाच.

आणि नुसतं ‘एमपीपीटी’ छापलेल्या डबीला भुलू नका. खऱ्या एमपीपीटीत तांब्याची कॉइल असते, हाताला वजन लागतं. बॅटरी उतरलेली असताना भर उन्हात डीसी क्लॅम्प मीटर लावा. मोठ्या पॅनेलकडून येणारे आणि बॅटरीत जाणारे ॲम्पिअर सारखेच दिसले तर ती जुनीच डबी, नवं स्टिकर. बॅटरीकडे दुप्पट-अडीचपट दिसले तर माल खरा. दुकानदाराला सांगा, मीटर लावून दाखव, मग पैसे.

आम्ही ३० ॲम्पिअरचा बसवला. पॅनेल तेच, तारा त्याच. पण आठ महिने अर्धपोटी राहून ट्यूबलर बॅटरीला सल्फेट धरलं होतं, ती परत आली नाही. नवी घ्यावी लागली. कंट्रोलरमध्ये जे वाचवलं त्याच्या कितीतरी पट बॅटरीत गेलं.

आता ओट्यावरचा दिवा पहाटे मी स्वतः बंद करतो. तुमच्या वस्तीवर मोठं पॅनेल असेल तर उद्या दुपारी मीटर लावून बघा, आणि आकडा काय येतो ते मला सांगा.