जपानमधील गणपती : मुळा, मोदक आणि पडद्याआडचे दैवत

जपानला जाणारे मराठी पर्यटक फुजी पर्वत, चेरीचा बहर आणि बुलेट ट्रेन यांच्याबरोबरच तेथील गणपतीचीही चौकशी करतात. जपानमध्ये गणपती आहे. मात्र त्याचे दर्शन आपल्याकडील प्रथेप्रमाणे घडत नाही.

जपानी भाषेत या दैवताला 'कांगितेन' किंवा 'शोतेन' म्हणतात. भारतातून चीनमार्गे गेलेल्या तांत्रिक बौद्ध परंपरेबरोबर ते जपानमध्ये पोहोचले. या परंपरेतील शिंगोन पंथाचे संस्थापक कुकाई हे इ.स. ८०६ मध्ये चीनहून मायदेशी परतले होते. परस्परांना आलिंगन दिलेल्या दोन गजमुखी आकृती, हे कांगितेनचे प्रचलित रूप असून त्यांपैकी एक आकृती स्त्रीरूप मानली जाते. गजमुखी स्त्रीरूप भारतालाही अपरिचित नाही. जबलपूर जिल्ह्यात, पाटन आणि जबलपूरच्या रहिवाशांना परिचित असलेल्या भेडाघाटच्या चौसष्ट योगिनी मंदिरात गजमुखी योगिनीची मूर्ती आहे.

कांगितेनची मूर्ती सहसा भाविकांना दाखवली जात नाही. ती बंद देव्हाऱ्यात असते आणि तिच्यावरील तेलाच्या अभिषेकाचा विधी पुरोहित एकांतात करतात. त्यामुळे गाभाऱ्यासमोर जाऊनही मूर्ती दिसली नाही, अशी चुटपुट अनेक भारतीयांना लागते. तेथील भाविकांच्या दृष्टीने मात्र मूर्ती झाकलेली असणे, हाच तिचा मान आहे. पडद्याआड डोकावणे किंवा छायाचित्रासाठी आग्रह धरणे, हा अनादर ठरतो.

टोकियोच्या आसाकुसा भागात, सुमिदा नदीजवळच्या छोट्या टेकडीवर मात्सुचियामा शोतेन हे मंदिर आहे. येथे मुळा आणि पैशाचा बटवा ही चिन्हे जागोजागी कोरलेली आढळतात. मुळा हे आरोग्याचे आणि दांपत्यसुखाचे, तर बटवा हे भरभराटीचे प्रतीक होय. भाविक देवाला पांढरा मुळा वाहतात. दरवर्षी ७ जानेवारी रोजी येथे मुळ्याचा उत्सव होतो. त्या दिवशी नैवेद्याचा मुळा शिजवून प्रसाद म्हणून वाटला जातो. भारतातील काही प्राचीन गणेशमूर्तींच्या हातातही मुळा आढळतो, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

मोदकाचे जपानी भावंड क्योतोमध्ये भेटते. इ.स. १६१७ मध्ये सुरू झालेल्या 'कामेया कियोनागा' या दुकानात 'कांकिदान' नावाची मिठाई मिळते. पिठाच्या पारीत अझुकी या लाल कडधान्याचे गोड पुरण भरून, वर आठ चुण्या घालून ती बटव्यासारखी बांधतात आणि तिळाच्या तेलात तळतात. पुरणात सात सुगंधी द्रव्ये असतात. उकडीच्या मोदकाच्या मऊपणाची अपेक्षा ठेवणाऱ्यास तिचा कडक पापुद्रा व धूपासारखा गंध प्रथम चकित करतो.

याच शहरात जुलै महिन्यात गिओन उत्सव भरतो. इ.स. ८६९ मधील साथीच्या रोगाच्या शमनार्थ त्याचा प्रारंभ झाला. १७ आणि २४ जुलै रोजी भव्य रथांच्या मिरवणुका निघतात. 'गिओन' हे नाव श्रावस्तीच्या जेतवन विहाराच्या जपानी नावावरून आले आहे.

शाकाहारी प्रवाशांनी एक काळजी घ्यावी. भाजीच्या साध्या रश्श्यातही 'दाशी' हा बहुधा माशापासून केलेला अर्क असतो. म्हणून आधी विचारून घेणे इष्ट. बौद्ध मठांतील 'शोजिन र्योरी' हे भोजन मात्र मांस-मासळीविरहित असते. कुकाई यांनी इ.स. ८१६ मध्ये स्थापन केलेल्या कोयासान येथील मठांत मुक्कामासह ते मिळते. तेथील विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा पुतळा असून त्याचे अनावरण सप्टेंबर २०१५ मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झाले.

मूळ भारतीय असलेले हे दैवत जपानमध्ये बाराशे वर्षे नांदले आणि तेथील भाविकांचे झाले. ते 'आपलेच' आहे, असे म्हणताना त्यांच्या प्रथेचा मान राखला, तर मूर्ती न दिसताही त्या मंदिराची भेट सार्थ ठरेल.